बटरफ्लायमध्ये पॅड नीट फिरत नाही, किंवा फिरला की परत येत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

आइस हॉकीच्या गोलरक्षकाच्या तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतात. "उजवा पॅड बाहेरच वळून राहतो." "गुडघा सरळ बर्फावर आपटतो." "पाय मिटले तरी पक (खेळातली रबरी चकती) मधून जातोच." "सामन्याचा तिसरा पिरियड येईपर्यंत पॅड पोटरीला गुंडाळल्यासारखा होतो." या सगळ्यांच्या मुळाशी गोष्ट एकच असते. गोलरक्षक बटरफ्लायमध्ये, म्हणजे गुडघे मिटून आणि पावलं बाहेर टाकून, गुडघ्यांवर खाली येतो तेव्हा पायावर बांधलेल्या पॅडने पायाभोवती ठरावीक तेवढं फिरायला हवं, आणि उठल्यावर पुन्हा नडगीसमोर यायला हवं. यातलं काहीतरी बिनसलेलं असतं.

उपायही बहुतेक जण एकच करतात: पट्टे आवळतात. जमलं नाही की सैल सोडतात, मग पुन्हा आवळतात. यात अख्खा हंगाम निघून जातो, गुडघे दुखायला लागतात, आणि चांगला गोलरक्षक आपल्यालाच बटरफ्लाय जमत नाही असं धरून बसतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातल्या बऱ्याच जणांचं तंत्र ठीक असतं. चूक असते ती गुडघा पॅडवर कुठे टेकतो यात. म्हणून पट्ट्यांना हात लावायचा तो नंतर. सुरुवात गुडघ्यापासून करायची.

नेमकं काय घडायला हवं

उभे असताना तुमची नडगी पॅडच्या आतल्या पन्हळीत असते आणि पॅडचा दर्शनी भाग समोर असतो. बटरफ्लायमध्ये गुडघे जवळ येतात, पावलं बाहेर फेकली जातात आणि नडगीचा पुढचा भाग बर्फाकडे वळतो. पॅड पायाला घट्ट चिकटलेला असता तर तोही तोंडावर पालथा पडला असता. तसं होऊ नये म्हणून पायाच्या तुलनेत पॅड साधारण पाव फेरा फिरतो, दार बिजागरीवर फिरतं तसा. पॅडचा आतला काठ बर्फावर टेकतो, बाहेरचा काठ वर येतो, दर्शनी भाग पकसमोर उभा राहतो आणि गुडघ्याची आतली बाजू पॅडच्या मागच्या जाड गादीवर बसते. या गादीला सगळे नी-स्टॅक म्हणतात. गुडघा तिच्यावर मधोमध बसला तर शरीराचं वजन पॅडच्या आतल्या काठावर येतं, काठ बर्फाला चिकटतो आणि पॅड स्थिर उभा राहतो.

म्हणजे खाली बसल्यावर पॅडची रुंदी ही तुमच्या भिंतीची उंची होते. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, 2005-06 च्या हंगामापासून पॅडची कमाल रुंदी 11 इंच आहे. त्याआधी 12 इंच चालायची. हा 11 इंचांचा पॅड ताठ उभा न राहता 30 अंश कलला, तर त्याची उभी उंची साडेनऊ इंचांच्या आसपास येते. पकचा व्यास 3 इंच, म्हणजे अर्ध्या पकाएवढी उंची नुसत्या कलण्यात गेली. गोल 4 फूट उंच असला तरी गर्दीतून येणारे कितीतरी फटके याच खालच्या पट्ट्यात येतात.

"पॅड कसून बांध" हा सल्ला येतो कुठून

जुने जाणते गोलरक्षक अजूनही पट्टे कसून बांधायला सांगतात. त्यांच्या काळात ते बरोबर होतं. सुरुवातीला गोलरक्षक चक्क क्रिकेटचे पॅड बांधून उभे राहत. 1920 च्या दशकात कॅनडातल्या हॅमिल्टनचे घोड्यांचं सामान बनवणारे कारागीर एमिल केनेस्की यांनी आइस हॉकीसाठी रुंद पॅड बनवायला सुरुवात केली. चामड्याचं आवरण, आत हरणाचे केस, मागे चामड्याचे पट्टे आणि बक्कलं. हे पॅड पाणी पिऊन जड होत. गोलरक्षक शक्य तितका उभा राहून खेळत असे, त्यामुळे पॅडने नडगीला धरून राहणं हेच त्याचं काम होतं.

ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो या एनएचएलच्या गोलरक्षकांनी गुडघे मिटून पावलं बाहेर टाकण्याची पद्धत रुजवली. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून गोलरक्षक पॅट्रिक रॉय आणि त्याचे प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांनी ती इतकी पक्की केली की पुढच्या पिढ्या तिच्यावरच वाढल्या. मग पॅडही बदलले: हलका फोम, सपाट दर्शनी भाग, गुडघ्याखाली जाड गादी, चामड्याऐवजी इलॅस्टिक आणि वेल्क्रो. आजचा पॅड फिरण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला जुन्या पद्धतीने आवळलं की तो फिरू शकत नाही, आणि जो पीळ पॅडने घ्यायचा तो गुडघा आणि खुबा घेतात. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध असा पीळ फार काळ सहन करत नाहीत.

पहिली तपासणी: गुडघा कुठे टेकतो

ही तपासणी बर्फावर करू नका. तिथे थंडी असते, घाई असते आणि समोरून कोणीतरी पक मारत असतं. रबरी चटई किंवा जाड गालिचा पुरतो. कमरेखालचं सगळं सामान अंगावर हवं: स्केट, पात्यांवर कडक गार्ड, गोलरक्षकाची पँट, गुडघ्याचे गार्ड आणि पॅड. साधे बूट घालून किंवा अनवाणी केलेली तपासणी निरुपयोगी आहे, कारण स्केटमुळे घोटा आणि गुडघा दोन्ही उंचावतात आणि पॅडचा खालचा भाग स्केटवर कसा बसतो यावर पुढचं सगळं ठरतं.

गुडघ्याच्या गार्डच्या आतल्या बाजूला खडूची जाड रेघ ओढा. पट्टे नेहमीसारखेच बांधा. सावकाश खाली या, दोनेक सेकंद थांबा, उठा, पॅड सोडा. नी-स्टॅकवर खडू कुठे उमटला ते पाहा. सोबतीला कोणी असेल तर जमिनीच्या पातळीवर मोबाइल ठेवून एकदा पुढून आणि एकदा मागून चित्रण करून घ्या. मागचं चित्रण जास्त बोलकं असतं. पुढून सगळेच पॅड बरे दिसतात.

खडू गादीच्या मध्यावर उमटला असेल तर पॅडचं माप बरोबर आहे, आणि दोष पट्ट्यांत, झिजलेल्या भागांत किंवा बाकीच्या सामानात आहे. खडू गादीच्या खालच्या टोकाला किंवा त्याखाली पोटरीच्या भागात उमटला, तर पॅड तुमच्यासाठी लांब आहे. गादीच्या वरच्या कडेला उमटला, तर पॅड आखूड आहे. अर्धा-पाऊण इंचाचा फरक पट्ट्यांनी सावरता येतो. दीड-दोन इंचांचा फरक असेल तर कुठलाही पट्टा तो भरून काढणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

मापाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पॅडवर 33+1 किंवा 34+2 असे आकडे असतात. पहिला आकडा पॅडची मूळ लांबी इंचांत सांगतो. अधिक चिन्हानंतरचा आकडा गुडघ्याच्या वर मांडीकडे किती जादा लांबी दिली आहे ते सांगतो. तिला थाय राइज म्हणतात. फाइव्ह होल, म्हणजे दोन पायांमधली फट, वरून बंद करायला ही लांबी कामी येते. पण ही लांबी मोजायची कुठून कुठे, याला सगळ्या कंपन्या एकच नियम लावत नाहीत. एका कंपनीच्या 34 मध्ये गुडघा मधोमध बसतो म्हणून दुसऱ्या कंपनीच्या 34 मध्येही बसेल असं समजू नका. नुसत्या उंचीवरून पॅड निवडायचे तक्तेही तेवढ्याच बेताने वापरावेत. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाची नडगी लांब असते, दुसऱ्याची मांडी.

विचारायचं माप एकच: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. स्केट घालून, नाडी बांधून खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा. पावलाचा वरचा भाग आणि नडगी जिथे मिळतात, म्हणजे स्केटची जीभ जिथे वाकते, तिथून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. आता पॅड उलटा ठेवा. पॅडचा स्केटवर येणारा खालचा भाग, ज्याला बूट म्हणतात, जिथे दुमडतो तिथपासून नी-स्टॅकच्या मध्यापर्यंत मोजा. ही दोन मापं जुळली पाहिजेत. दुकानात पॅड नुसता पायासमोर धरून "वरपर्यंत येतो की" असं म्हणणारा विक्रेता भेटला, तर टेप मागा.

मग पट्टे: सगळं सोडा, एकेक जोडा

गुडघा योग्य जागी टेकत असेल तरच इथे या. आधी सध्याच्या बांधणीचे फोटो काढा. चामडी पट्टा असेल तर सध्याच्या भोकाजवळ पेनने खूण करा. वेल्क्रोवर जिथे टोक येतं तिथे रेघ ओढा. खूण नसेल तर तासाभराने आपण कुठून निघालो होतो हे कोणालाच आठवत नाही.

आता गुडघ्याचा पट्टा आणि पोटरीवरचं कापडी आवरण, म्हणजे काफ रॅप, एवढंच हलकेच लावा. बाकी सगळं मोकळं. खाली बसा. या स्थितीत पॅड बहुधा सहज फिरतो, जरा जास्तच फिरतो. त्यात स्केटच्या टोकाची दोरी जोडा आणि पुन्हा बसा. मग बूट-स्ट्रॅप, म्हणजे स्केटच्या टाचेखालून किंवा घोट्यामागून जाणारा पट्टा. मग पोटरीचे पट्टे, खालून वर. ज्या क्षणी तुमचा नेहमीचा दोष दिसतो, त्याआधी शेवटी जोडलेला पट्टा गुन्हेगार. वाचायला हे फार साधं वाटतं, आणि म्हणूनच कोणी करत नाही. सगळेच पट्टे एकदम अर्धा इंच सैल केले तर दोष कदाचित जाईल, पण कशामुळे गेला ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सगळं.

दोष ओळखायची सोपी खूण वरच्या काठात असते. खाली बसल्यावर पॅडचा वरचा काठ पकच्या दिशेने पुढे झुकला असेल तर पॅड कमी फिरतोय. मागे, तुमच्याकडे कलला असेल तर जास्त फिरतोय.

पॅड कमी फिरतो

यात पहिला संशय टोकाच्या दोरीवर घ्या. ती आखूड बांधली की स्केटचं टोक पॅडला जखडलं जातं. पाऊल बाहेर वळायला बघतं, पॅड त्याला येऊ देत नाही, आणि शेवटी दोघंही अर्ध्यावर थांबतात. अशा वेळी पायाचा अंगठा पॅडच्या दिशेने ओढला गेल्यासारखा वाटतो, आणि पॅडचा बूट बर्फावरून उचलला जातो. खालच्या कोपऱ्यातून शिरणारे बरेचसे पक या फटीतून जातात. दोरी एकेक बोट सैल करत जा. आजच्या पॅडमध्ये स्केटचं टोक आणि पॅडचा बूट यांच्यात दोन-तीन बोटांची मोकळीक असणं अगदी सामान्य आहे. इलॅस्टिकची दोरी असेल तर खाली बसल्यावर ती ताणलेली दिसली पाहिजे, पण तिची ताण घ्यायची क्षमता संपलेली नसावी.

दुसरा संशय पोटरीच्या वरच्या पट्ट्यावर, गुडघ्याच्या अगदी खालच्या. तो आवळला की पॅडचं फिरणंच बंद होतं. माझ्या मते हा पट्टा सगळ्या पट्ट्यांत सैल असावा. त्यातून चार बोटं आरामात गेली पाहिजेत. काही गोलरक्षक तो काढूनच टाकतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

हे दोन्ही ठीक असतील तर गुडघ्याचं गार्ड तपासा. जाड, रुंद गार्ड पॅडच्या गुडघ्याजवळच्या पाळ्यांमध्ये पाचरीसारखं अडकतं. गार्ड काढून एकदा हलकेच खाली बसून पाहा, अर्थात मऊ चटईवरच. पॅड लगेच फिरला तर गार्ड बदला, किंवा पाळ्यांचं वेल्क्रो सोडून त्या बाहेर पसरवा. गार्डशिवाय बर्फावर जाणं हा उपाय नव्हे. नी-स्टॅकवरून गुडघा एकदा जरी घसरला तरी उघडा गुडघा पूर्ण वजनासकट बर्फावर येतो.

पॅड जास्त फिरतो

वरचा काठ मागे कलला की पॅड उताराची फळी होतो. पक त्यावरून वर उसळतो, कधी खांद्यावरून मागे, कधी सरळ समोरच्या खेळाडूच्या काठीवर. बारीक पोटऱ्यांच्या मुलामुलींत हा दोष फार दिसतो. पॅडची पन्हळ त्यांच्या पायाला रुंद पडते आणि पाय आत डोलत राहतो. अशांनी पट्टे आवळण्याआधी काफ रॅप नीट गुंडाळावं. ते पोटरीला सलग टेकलं पाहिजे, त्याची घडी पडता कामा नये. तेवढ्यानं भागलं नाही तर पन्हळीच्या बाहेरच्या बाजूला पातळ फोमची पट्टी वेल्क्रोने बसवा. शिवू नका, चिकटवू नका. नंतर जागा बदलावी लागते.

दुसरं कारण दबलेला नी-स्टॅक. फोम वर्षानुवर्षं वजन झेलून बसतो. दोन्ही गाद्यांवर अंगठा सारख्याच जोराने दाबून पाहा. एक लवकर आत गेली आणि सावकाश वर आली, तर तिच्यावर गुडघ्याला टेकू मिळत नाही, गुडघा मागे घसरतो आणि पॅड कलंडतो. बऱ्याच पॅडमध्ये ही गादी सुटी असते आणि बदलता येते. वापरलेले पॅड विकत घेताना मी दर्शनी भागावरचे ओरखडे पाहत नाही, आधी ही गादी दाबून पाहतो.

पॅड फिरतो, पण उठल्यावर परत येत नाही

सगळ्यात चिडचिड होते ती यात. पहिला फटका अडवला, उठून दुसऱ्या खांबाकडे सरकायचं, आणि पॅड अजून बाहेरच तोंड करून बसलेला. पॅडला परत आणायचं काम मुख्यतः इलॅस्टिक करतं, टोकाचं आणि गुडघ्याचं. ते मेलं की पॅड जिथे सोडला तिथेच राहतो. नवं इलॅस्टिक आणि तुमचं इलॅस्टिक शेजारी ठेवून ओढून पाहा, फरक हाताला लगेच कळतो. हे झिजणारे भाग आहेत. बदलताना दोन्ही पायांचं एकदम बदला, आणि एक जादा जोडी किटबॅगेत असू द्या.

पहिले दोन पिरियड ठीक आणि तिसऱ्यात त्रास सुरू, असं होत असेल तर इलॅस्टिकच्या आधी वेल्क्रो पाहा. बर्फाचा भुगा आकड्यांत जाऊन बसतो, वितळतो, आणि पट्टा धरल्यासारखा वाटतो पण हळूहळू सरकत असतो. घरी पॅड पूर्ण वाळवा, आकड्यांची बाजू कडक ब्रशने साफ करा. कापडाचे धागे अडकलेले असतील तर ते चिमट्याने ओढून काढा, ब्रशने निघत नाहीत. पिरियडच्या मधल्या वेळेत एकदा पट्टे उघडून भुगा झटकणं एवढीच सवय लावली तरी ही तक्रार बहुधा थांबते. याच वेळेत स्केटची नाडीही तपासा. ती सैल पडली की घोटा आत हलतो आणि पायाची हालचाल पॅडपर्यंत उशिरा पोचते.

आणखी एक कारण सहज सुटतं. गुडघ्याच्या गार्डचं कापड खरखरीत असेल तर ते पॅडच्या आतल्या अस्तराला धरून ठेवतं. गार्डवर गुळगुळीत कापडी आवरण चढवून पाहा.

दोष पॅडमध्ये दिसतो, पण असतो दुसरीकडे

"पॅड तेच, पट्टे तेच, तरी गेल्या महिन्यापासून बिघडलंय" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, नवे स्केट घेतले का? गोलरक्षकाच्या स्केटवर पूर्वी बाहेरून प्लॅस्टिकचं जाड कवच असे आणि टोकाची दोरी त्याच्या पुढच्या भोकांतून जाई. आता कवच नसलेले स्केटही सर्रास मिळतात. त्यांत दोरी अडकवायची जागा आणि टोकाचा आकार वेगळा असतो. दोरीची लांबी तीच ठेवली तरी तिचा ताण बदलतो. पातं उंच असेल तर घोटाही वर जातो आणि पॅडवर गुडघ्याची जागा सरकते. स्केट बदलले की खडूची तपासणी पुन्हा करायची, याला पर्याय नाही.

पात्याची धारही पाहा. पात्याच्या दोन कडांमधली खोलगट नळी उथळ असेल किंवा धार गेली असेल, तर खाली बसून ढकलताना पाऊल घसरतं आणि दोष पॅडला लागतो. उभं राहून खेळण्याच्या काळात 1 इंच त्रिज्येची उथळ नळी चालायची. बटरफ्लाय खेळणारे आता अर्धा इंच किंवा 3/8 इंच, म्हणजे जास्त धारदार, पसंत करतात.

पँटचं खालचं तोंड आणि थाय राइज एकमेकांवर आदळत असतील तर गुडघे मिटतच नाहीत. मांडीचे गार्ड पँटच्या आत घालून आणि बाहेर ठेवून, दोन्ही करून पाहा. काठीही पाहा. काठीचा रुंद भाग, म्हणजे पॅडल, तुमच्यासाठी लांब असेल तर काठीचं पातं बर्फावर सपाट टेकवायला तुम्हाला ताठ उभं राहावं लागतं. मग गुडघे कमी वाकलेले राहतात आणि खाली यायला उशीर होतो. काही वेळा सगळे पट्टे तपासून झाल्यावर उत्तर काठीत सापडतं. छातीचं कवच, मास्क, ग्लोव्ह आणि ब्लॉकर यांचा या प्रश्नाशी जवळपास संबंध नाही, ते सोडून द्या.

मुलांसाठी "पुढच्या वर्षी बसेल" असा पॅड

इथे मला आईवडिलांना कळकळीने सांगायचं आहे. सामान महाग असतं, मूल वाढत असतं, म्हणून दोन इंच मोठा पॅड घ्यावासा वाटणं समजू शकतं. पण त्या पॅडमध्ये मुलाचा गुडघा गादीच्या खाली टेकतो. म्हणजे दर वेळी खाली बसताना तो पॅडच्या पोकळ भागात किंवा थेट बर्फावर उतरतो. वरचे काठ एकमेकांत अडकतात, मूल उठताना अडखळतं. शेवटी ते आपोआप शिकतं की खाली बसायचंच नाही, किंवा पाय वाकडा टाकून बसायचं. हे वळण पुढे मोडायला फार कष्ट पडतात. मोठी पँट दोरीने आवळून चालते, मोठं जर्सी चालतं. पॅड आणि स्केट मात्र आजच्या मापाचेच हवेत. बजेट कमी असेल तर बरोबर मापाचे, चांगल्या गादीचे वापरलेले पॅड घ्या. नवे पण मोठे घेण्यापेक्षा ते कितीतरी चांगले. वाढत्या वयात दर दोन-तीन महिन्यांनी खडूची तपासणी करा. खडू गादीच्या वरच्या कडेकडे सरकायला लागला की पुढच्या जोडीचा विचार सुरू करा, आणि ही जोडी एखाद्या लहान गोलरक्षकाला द्या.

त्रास एकाच पायाला असेल तर

पॅड डावे-उजवे वेगळे असतात, त्यामुळे अदलाबदल करून पाहता येत नाही. आधी दोन्हींची बांधणी भोकाला भोक, रेघेला रेघ ताडून पाहा. मग गादी आणि इलॅस्टिक. हे सगळं सारखं निघालं तर शरीराकडे वळा.

खुर्चीवर ताठ बसा, मांड्या समांतर ठेवा, गुडघे जागचे न हलवता दोन्ही पावलं बाहेरच्या दिशेने उचला. यात खुब्याचं आतल्या बाजूला फिरणं दिसतं, आणि बटरफ्लाय सगळा त्यावरच उभा आहे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा ठळकपणे कमी बाहेर जात असेल, तर त्या बाजूचा पॅड कमी फिरणारच. त्या पॅडचे पट्टे सैल करून थोडी मदत होईल. पण पाय जितका जातो तितकाच जाईल. त्या बाजूला पाऊल थोडं आत ठेवून अरुंद बटरफ्लाय खेळणं पूर्णपणे योग्य आहे. मोठमोठे गोलरक्षकही दोन्ही पायांनी सारखे पसरत नाहीत.

खाली बसताना जांघेत चिमटा बसल्यासारखी कळ येत असेल तर मात्र पट्ट्यांचे प्रयोग तिथेच थांबवा. खुब्याच्या सांध्यात हाडावर हाड घासण्याचा त्रास गोलरक्षकांत चांगलाच परिचित आहे, आणि जोर लावून पाय पसरल्याने तो वाढतो. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा खेळाडूंसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, आणि जाताना मागून केलेलं ते चित्रण सोबत न्या. कळ नेमकी कोणत्या क्षणी येते हे त्यात दाखवता येतं.